जुनी डिझेल जीप: इंजिन गरम असलं की सेल्फ घेत नाही, बॅटरी आणि सेल्फ दोन्ही करून झालंय

घाटवाट_चिपळूण

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून.

बाबांची जीप आहे, १९९७ चं मॉडेल, साधं डिझेल इंजिन, मेकॅनिकल पंप, बंद करायला स्टॉपची नॉब ओढावी लागते त्यातली. पासिंग वाढवून आणलंय, ग्रीन टॅक्स भरलाय, इंजिनचं काम ५ वर्षांपूर्वी झालंय आणि ते एकदम ठणठणीत आहे. विकायची नाहीये, ते कृपया कुणी सुचवू नका, बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि अजून स्वतः चालवतात.

प्रॉब्लेम असा की सकाळी थंड असताना अर्ध्या चावीत चालू होते. पण कुंभार्ली घाट चढून गेलो, कोयनानगरला चहाला थांबलो, १५-२० मिनिटांनी परत चावी मारली की कधी नुसतं बारीक "टक", कधी तेही नाही. एकदम शांत. अर्धा-पाऊण तास थांबलं की काही झालंच नाही असं चालू होते. आणि हे दर वेळी होत नाही, दहातून तीन-चार वेळा. मेकॅनिककडे नेली की एकदाही होत नाही, तिथे दहा वेळा चावी मारली दहा वेळा चालू!

आतापर्यंत काय केलं: दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) उतरवून कार्बन, बुश नवीन टाकले, आर्मेचर चेक केलं, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा भाग) नवीन. त्यानंतर महिनाभर बरं वाटलं, मग परत तेच. आता म्हणतात डायनॅमो बदला. चार्जिंग मी मल्टिमीटरने बघितलं तर १४.१ येतंय, मग डायनॅमो कशाला बदलायचा?

गेल्या महिन्यात आईला डोळे दाखवायला कराडला नेलं होतं, येताना पाटणच्या पुढे पाऊस पडत असताना बंद केली आणि घेईना. आई मागे बसलेली, डोळ्यात औषध घातलेलं, आणि बाबा त्या वयात खाली उतरून धक्का मारायला लागले. ते बघवलं नाही मला. तेव्हापासून बाबा गाडी कायम उतारावरच लावतात, सपाटीवर बंदच करत नाहीत. मला हे एकदाचं मुळापासून शोधायचंय. मल्टिमीटर आहे, पाने आहेत, रविवार मोकळा आहे. सुरुवात कुठून करू?

सह्याद्री_रायडर

बॅटरीचे टर्मिनल काढून पॉलिश पेपरने घास, लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) आतून पण घास, मग घट्ट करून वरून व्हॅसलीन लाव. निम्म्या गाड्या एवढ्यानेच बऱ्या होतात आणि कोकणात खारी हवा आहे त्यामुळे पांढरं-हिरवं लवकर धरतं. दुसरं म्हणजे पुढच्या वेळी घेणार नाही तेव्हा एकाने चावी धरून ठेवायची आणि दुसऱ्याने सेल्फच्या बॉडीवर पान्याने हलकं ठोकायचं, गेअर काढून हां. ठोकल्यावर फिरला तर कार्बन अडकतायत किंवा सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत. नवीन टाकलेत म्हणतोस पण बाजारात मिळणाऱ्या कार्बनचा काही भरवसा नाही, मऊ असले तर सहा महिन्यांत झिजतात.

वायरमन_काका_सांगली

३१ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं, आता दुकान पुतण्या बघतो, म्हणून निवांत लिहितो.

बाळा, तू सगळं सांगितलंस पण सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं राहिलं. टक होतं आणि घेत नाही तेव्हा हेडलाईटचं काय होतं? पुढच्या वेळी हेडलाईट लावून चावी मार. लाईट एकदम मंदावली म्हणजे करंट सेल्फपर्यंत पोचतोय पण बॅटरीत दम नाही, किंवा सेल्फ जाम आहे. लाईट तशीच लख्ख राहिली म्हणजे बॅटरीतून मोठा करंट निघतच नाहीये, वाट मधेच कुठेतरी अडलीय. एवढं एक कळलं की अर्धं काम झालं. आणि आवाजही नीट ऐक. टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरलेली किंवा मेन टर्मिनल ढिलं. एकच दणदणीत टक आला आणि मोटर फिरली नाही तर सोलेनॉइडने खेचलंय पण पुढे जात नाही. आणि तू म्हणतोस तसं बारीक टक किंवा काहीच नाही, तर सोलेनॉइडलाच पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत असा माझा पहिला संशय राहील. तुझी गाडी न बघता सांगतोय, पण गरम झाल्यावर होतं म्हणतोस म्हणून.

त्याचं कारण सांगतो. सोलेनॉइडच्या आत दोन कॉइल असतात, एक खेचणारी आणि एक धरून ठेवणारी. खेचताना दोन्ही मिळून चांगला २०-३० अँपिअर करंट मागतात. आतला दांडा खेचला गेला की पुढे बेंडिक्स (सेल्फचं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या मोठ्या चाकाच्या, दात्यात जातं आणि मागे तांब्याची चकती दोन जाड बोल्ट जोडते, तेव्हा कुठे मोटरला मेन करंट मिळतो. आता जुन्या गाड्यांत हा २०-३० अँपिअर सरळ चावीच्या स्विचमधून जातो, मधे रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) नाहीच. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत, स्विचमधून, परत बॉनेटखाली सेल्फपर्यंत, सगळी बारीक वायर, त्यात दोन-तीन कनेक्टर, वय २५ च्या वर. प्रत्येक सांध्यात थोडे थोडे व्होल्ट मरतात. थंड असताना सोलेनॉइड कमी व्होल्टवर पण खेचतं. घाट चढून आलं, इंजिनची धग लागली, तांब्याची कॉइल ६० डिग्रीने तापली की तिचा रेझिस्टन्स साधारण पाव पट वाढतो, म्हणजे करंट कमी, म्हणजे ओढ कमी. मग जे काठावर चालत होतं ते पडतं. थंड झालं की परत उठतं. म्हणून तुझ्या मेकॅनिकला ते दिसत नाही, त्याच्या दारात गाडी निवांत उभी राहून थंड झालेली असते.

आता मोजायचं कसं ते. ओहमवर ठेवून वायर तपासू नकोस, काही उपयोग नाही. सेल्फ फिरताना डिझेलला २००-३०० अँपिअर सहज लागतात. समजा मेन केबलच्या सांध्यात फक्त ०.०२ ओहम आहे, तर २०० अँपिअरला तिथेच ४ व्होल्ट गेले! आणि तुझ्या मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ असतो, तो ०.०२ काय दाखवणार. टेस्ट लॅम्पपण फसवतो, एका तारेवर लटकलेली केबलसुद्धा बल्ब पेटवते. करंट वाहत असतानाच व्होल्ट मोजायचे, त्याशिवाय कळत नाही.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेव. आधी गेअर न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाखाली दगड, आणि स्टॉपची नॉब ओढून ठेव म्हणजे इंजिन चालू होणार नाही, नुसतं फिरेल. एकाला चावीवर बसव. फॅन आणि बेल्टपासून हात, गमछा, वायर सगळं लांब. एका वेळी १० सेकंदांच्या वर फिरवायचं नाही आणि मधे मिनिटभर तरी सोडायचं, नाहीतर नवीन केलेला सेल्फ जळेल.

बॅटरीच्या दोन पोलवर (लगवर नाही, शिशाच्या पोलवर) बघ. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास हवेत, १२.२ असतील तर अर्धी उतरलेली समज. फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. मग लाल टोक बॅटरीच्या प्लस पोलवर, काळं सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि चावी मार: अर्धा व्होल्ट किंवा कमी हवा. मग एक टोक बॅटरीच्या मायनस पोलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर: ०.३ च्या वर गेला तर अर्थिंग खराब. हे अर्थिंग लोक विसरतात. इंजिन रबरच्या माऊंटिंगवर बसलेलं असतं, चासीपासून तुटलेलं, करंट परत यायला विणलेली पट्टी असते ती कोकणात पाच-सात वर्षांत खाऊन जाते. ती गेली की करंट ॲक्सिलेटरच्या नाहीतर क्लचच्या केबलमधून वाट काढतो, मी अशा केबली तापून जळलेल्या बघितल्यात.

आणि शेवटचं, तुझ्यासाठी मुख्य: सोलेनॉइडची बारीक वायर लागते त्या पिनवर (त्यावर ५० लिहिलेलं असतं बहुतेक) आणि बॅटरीच्या मायनसमधे. पण हे गाडी थंड असताना मोजून उपयोग नाही. घाटातून गाडी आण, आणि घेणार नाही तेव्हाच मोज.

द्राक्षबाग_निफाड

आमच्या ट्रॅक्टरला सेम झालं होतं. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून सेफ्टी स्विच असतो तो गंजला होता, दाबला तरी कधी लागायचा कधी नाही. जीपला नसेल कदाचित पण बघून घ्या. आणि दादा रस्त्यात अडकलात तर सोपा उपाय आहे, लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन सेल्फवरचे दोन जाड बोल्ट जोडायचे, लगेच फिरतो. मी वर्षभर असंच चालवलं.

वायरमन_काका_सांगली

हे स्क्रूड्रायव्हरचं कुणी करू नका हो, हात जोडून सांगतो. २००-३०० अँपिअरची ठिणगी उडते, स्क्रूड्रायव्हर वितळून बोल्टला चिकटतो. दोन जाड बोल्ट जोडले तर बेंडिक्स आत जातच नाही, मोटर नुसती जागच्या जागी भन्नाट फिरते. बॅटरीतून हायड्रोजन निघतो तिथे ठिणगी म्हणजे काय ते समजून घ्या. आणि लोक जाड बोल्टवरून बारीक पिनला जोडतात तेव्हा सेल्फ खरंच लागतो, पण गाडी गेअरमधे राहिली असेल तर तीच अंगावर येते. आमच्या दुकानासमोर एका पोराच्या मांडीवरून ट्रॅक्टरचं मागचं चाक गेलंय, वाचला पण चालताना आजही त्रास होतो त्याला. सेफ्टी स्विच त्यासाठीच दिलाय, तो गंजला तर नवीन टाका, फार महाग वस्तू नाही ती.

द्राक्षबाग_निफाड

बरोबर आहे काका. आमच्याकडे सगळेच असं करतात म्हणून लिहिलं होतं. स्विच बदलून घेतो या आठवड्यात.

घाटवाट_चिपळूण

काका खूप खूप आभार, एवढं कुणीच समजावून सांगितलं नव्हतं आजपर्यंत. रविवारी सकाळी गाडी थंड असताना घरी मोजलं, मग मुद्दाम घाट चढून कोयनानगरला गेलो, भाऊ चावीवर आणि मी मीटर घेऊन. पहिल्या दोन वेळा चालू झाली, तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा घेतलं नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालू न झाल्याचा आनंद झाला मला.

थंड असताना: बॅटरी १२.६, फिरताना १०.६. प्लस केबल ०.३. अर्थिंग ०.९!! म्हणजे तुम्ही सांगितलं त्याच्या तिप्पट.

गरम असताना, घेत नव्हती तेव्हा: हेडलाईट लख्ख, जराही मंद नाही. चावी धरून ठेवली तेव्हा बॅटरीवर १२.३. आणि सोलेनॉइडच्या बारीक पिनवर ७.६. मी तीनदा मोजलं, ७.५, ७.६, ७.६. मग डॅशबोर्डखाली पडून तुकड्या तुकड्याने बघितलं, बॅटरीच्या प्लसपासून चावीच्या स्विचच्या इनपुटपर्यंत ०.७, स्विचच्या इनपुट ते आउटपुट २.४, आणि स्विचच्या आउटपुटपासून सोलेनॉइडच्या पिनपर्यंत १.६. मधे फायरवॉलपाशी एक कनेक्टर आहे, उघडला तर आत हिरवंगार.

पण गरम असताना अर्थिंगला मात्र ०.१ च दाखवलं, मग थंड असतानाचं ०.९ चुकलं का?

वायरमन_काका_सांगली

चुकलं नाही, दोन्ही बरोबर आहे, आणि छान मोजलंस. ०.७ अधिक २.४ अधिक १.६, बेरीज ४.७. १२.३ मधून ४.७ गेले, ७.६ उरले. एक व्होल्टही हिशोबाबाहेर नाही.

अर्थिंगचं असं की सकाळी सेल्फ फिरत होता, दोनशे-अडीचशे अँपिअर जात होते म्हणून ०.९ दिसले. दुपारी फिरतच नव्हता, फक्त सोलेनॉइडचा १५-२० अँपिअर जात होता, तेवढ्याला ०.१ च दिसणार. म्हणजे तुझ्याकडे आजार दोन आहेत. चावीची वाट खराब आहे हा मुख्य, आणि अर्थिंगची पट्टी गेलीय हा दुसरा. म्हणूनच नवीन सोलेनॉइड टाकल्यावर महिनाभर बरं वाटलं, नवीन असताना त्याची ओढ जरा जास्त होती. बॅटऱ्या दोन्ही बिचाऱ्या चांगल्या होत्या, जुनी घरात असेल तर चार्ज करून बघ.

आता करायचं काय. चार पिनचा ४० अँपिअरचा रिले आण, खाली बेस घे त्याला. ३० नंबरच्या पिनला बॅटरीच्या प्लसवरून ४ एमएमची तांब्याची वायर, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ३० चा फ्यूज. ८७ वरून तसलीच वायर सोलेनॉइडच्या बारीक पिनला. आत्ता तिथे लागलेली जुनी वायर काढून ८६ ला दे, आणि ८५ ला अर्थ, तो इंजिनवर किंवा थेट बॅटरीच्या मायनसवर. झालं. रिलेची कॉइल ०.२ अँपिअरसुद्धा घेत नाही, त्यामुळे तुझ्या झिजलेल्या स्विचमधून आता ४ व्होल्ट मरायचं कारणच उरत नाही. रिले बॅटरीच्या बाजूला पण पाणी उडणार नाही असा उभा लाव, पिना खाली.

तरी तो हिरवा कनेक्टर काढून टाक, दोन्ही बाजूंनी चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापत जा. कोकणात हिरवं इन्शुलेशनच्या आत वीत-दीड वीत चढलेलं असतं, काळी पडलेली तार जोडून काही होत नाही. स्विचपण बदल जमलं तर, आज ना उद्या तो डॅशबोर्डचे लाईट घालवेल.

अर्थिंगला जुनी पट्टी राहू दे, तिच्या जोडीला नवीन केबल बॅटरीच्या मायनसवरून सरळ सेल्फच्या माऊंटिंग बोल्टवर आण. रंग खरवडून लोखंड उघडं कर मग बसव. काम सुरू करताना मायनस आधी काढायचा, शेवटी लावायचा.

जुनीपेट्रोल_पुणे

मी पण हेच केलंय दोन वर्षांपूर्वी, माझी २००१ ची छोटी पेट्रोल गाडी आहे, सिंहगडाच्या पार्किंगमधे नेहमी अडकायची. रिले टाकल्यापासून एकदाही नाही. दोन गोष्टी सांगते ज्या मी आधी चुकवल्या. एक, केबल घेताना वजन बघा आणि ब्लेडने एक तार खरवडून बघा. वरून तांबं आणि आतून पांढरं निघालं तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, दिसायला जाड पण करंट कमी नेते आणि खाऱ्या हवेत तर लवकर जाते. दुसरं, लग नुसता पक्कडने चेपू नका. मी चेपला होता, चार महिन्यांत ढिला पडला आणि परत तेच टक. केबलवाल्याकडे हायड्रॉलिक क्रिंपिंग असतं, तिथून लग बसवून घ्या आणि वरून गोंदवाली श्रिंक स्लीव्ह तापवून बसवा, पाणी आत जात नाही.

सह्याद्री_रायडर

मी टर्मिनल घासायला सांगून मोकळा झालो होतो, हे मोजण्याचं मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या गाडीवर पण करून बघणार.

घाटवाट_चिपळूण

तीन आठवड्यांनी परत लिहितोय, मुद्दाम थांबलो होतो कारण दहातून तीनदा होणारा बिघाड दोन दिवसात गेला असं म्हणता येत नाही.

रिले टाकला, फ्यूज टाकला. हिरवा कनेक्टर कापला, एका बाजूला साधारण ८ इंच वायर फेकून द्यावी लागली तेव्हा चांगलं तांबं लागलं. मायनसची नवीन केबल चिपळूणलाच बनवून घेतली, ताईंनी सांगितल्याप्रमाणे लग मशीनवर दाबून घेतले आणि एक तार खरवडून बघितली. जुनी पट्टी हातात घेतली तर अर्ध्या तारा गळून पडल्या म्हणून ती पण नवीन टाकली. चावीचा स्विच उघडून बघितला, आतला एक कॉन्टॅक्ट काळा आणि खड्डा पडलेला. नवीन मागवलाय, अजून आलेला नाही. सगळा खर्च एका बॅटरीच्या किमतीच्या पावपण नाही.

आता रीडिंग: कुंभार्ली चढून कोयनानगरला २० मिनिटं थांबून, इंजिन गरम, फिरताना बॅटरीवर १०.७, सोलेनॉइडच्या पिनवर १०.४, अर्थिंग ०.१५. तीन आठवड्यांत ६ वेळा घाट झाला, गरम असताना मोजून ३४ वेळा चावी मारली, ३४ वेळा चालू. वहीत लिहून ठेवलंय सगळं.

काल आईला परत तपासणीला कराडला नेलं. बाबांनी दवाखान्यासमोर सवयीने उतार शोधला, मी म्हटलं इथेच लावा. लावली, पण दोन मिनिटं चावी काढली नाही त्यांनी. परत निघताना पहिल्या चावीत चालू झाली तेव्हा काही बोलले नाहीत, पाटणला स्वतःहून गाडी बंद करून भजी खायला उतरले.

काका, एक शेवटचं विचारायचंय. जुनी बॅटरी तुम्ही सांगितलं तशी चार्ज केली, दोन दिवस झाले १२.६ वर उभी आहे. ती अशीच ठेवली तर किती दिवसांनी परत चार्ज करत राहू?

वायरमन_काका_सांगली

महिन्यातून एकदा कर, आणि १२.४ च्या खाली जाऊ देऊ नकोस. पाणी बघत जा, प्लेटा उघड्या पडायला नकोत, फक्त डिस्टिल वॉटर घाल. आणि स्विच आला की बदलून घे, राहू देऊ नकोस तसाच.